मानलेला मुक्काम

गणपती पोचवून आलो होतो. आमचा दीड दिवसाचा. २०२४ ची चवथ शनिवारी होती, म्हणजे रविवारी रात्री तळीवर आरत्या झाल्या, फटाके झाले, पोरं भिजून घरी आली आणि मग त्या मोठ्या घरात दरवर्षी जी शांतता उतरते ती उतरली. चौरंग रिकामा आणि वर माटोळी तशीच लटकलेली, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंगं, कांगलां, केळ्यांचा घड, नारळांची पेंढ, त्या सगळ्याचा मिळून एक ओला हिरवट वास आणि त्यात विझलेल्या वातीचा धूर. काकी खांबाला टेकून पाय लांब करून बसली होती. मी तिच्या बाजूलाच खाली बसून पासपोर्टचं पाऊच आवरत होते, पुढच्या रविवारी निघायचं होतं आणि मला उगाचच आठवडाभर आधीपासून कागद मोजायची सवय लागलीय. तर त्या पाऊचमधून एक दुमडलेला कागद खाली घसरला, काकीने उचलला, उलगडला, दिव्याखाली धरला. "हे कसलं गं?"

मी सांगितलं की माझं तिथलं कार्ड ३१ ऑगस्टला संपलं, नवीन अजून मिळालेलं नाही, तोपर्यंत हा कागद. "म्हणजे आता तुझ्याकडे कार्ड नाही?" आहे, पण संपलेलं. "मग यात काय लिहिलंय?" आता जर्मनमधलं ते वाक्य काकीला सांगायचं कसं, मी शब्द शोधत राहिले आणि तोंडातून आलं, "की माझं तिथलं राहणं चालूच आहे असं मानलं जाईल." काकी म्हणाली, "मानलेलं? मानलेल्या भावासारखं?" मी हसले, हो म्हटलं, तसंच. ती हसली नाही. तिने कागद उलटसुलट बघितला, त्यातलं एक अक्षर तिला वाचता येण्यासारखं नव्हतं, मग होत्या त्याच घड्यांवर नीट दुमडला आणि माझ्या हातात दिला. "असला कागद मी सांभाळलाय," म्हणाली, "दोन महिने." आणि खतखतं गरम करायला उठून गेली.

मी त्या वेळी त्याकडे लक्षच दिलं नाही.

(काकी कोकणीत बोलते, आम्ही सगळेच घरात कोकणीत बोलतो. पण लिहायची वेळ आली की आमच्या घरात हात मराठीकडेच वळतो, पत्रं कायम मराठीत गेली आणि मराठीतच आली, म्हणून तिचं बोलणंही मी इथे मराठीतच लिहितेय.)

त्या कागदाचं नाव फिक्टिओन्सबेशायनिगुंग. तिथले आपले लोक फिक्शन सर्टिफिकेट म्हणतात. कार्ड संपायच्या आत तुम्ही मुदतवाढीचा अर्ज टाकलेला असेल आणि कचेरीकडून वेळेत निकाल आला नसेल तर कायदा म्हणतो की निकाल लागेपर्यंत जुना परवाना चालू आहे असं समजा, कलम ८१, पोटकलम ४, आणि त्याचं लेखी रूप म्हणजे हा कागद, फी १३ युरो. त्याच्यावर तीन चौकोन असतात. पहिल्या दोनपैकी एकात फुली असली तर देशातच राहायचं, बाहेर पडलात तर त्या कागदावर परत आत येता येत नाही. तिसऱ्यात फुली असली तर संपलेलं कार्ड, पासपोर्ट आणि हा कागद तिन्ही एकत्र दाखवून येता-जाता येतं. म्हणजे माझी चवथ त्या तिसऱ्या चौकोनावर होती. प्रिंटरमधून कागद बाहेर येत होता तेव्हा मी त्या बाईंच्या चेहऱ्याकडे न बघता कागदाकडेच बघत होते, टेबलावर त्यांनी एक छोटं कॅक्टस ठेवलेलं, भिंतीवर मुलांनी काढलेलं घराचं चित्र, बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि मला फक्त एवढंच हवं होतं की फुली खाली पडू दे, खाली. पडली. मी थँक्यू म्हणायच्या ऐवजी त्यांना चक्क नमस्कार केला हात जोडून.

अर्ज मी जूनमध्येच टाकला होता. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, घरभाड्याचा करार, आरोग्य विम्याचं पत्र, कंपनीने भरून दिलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो. सगळं अपलोड केल्यावर एक आपोआप येणारा मेल आला की तुमचा अर्ज मिळाला, आणि त्यानंतर काहीच नाही. टेर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट, हा शब्द मी जर्मनमधल्या 'धन्यवाद'च्या आधी शिकले असेन, तो टेर्मिन मिळावा म्हणून पहाटे उठून वेबसाइट उघडायची, तारखा नसायच्या, रिफ्रेश करायचं, चहा थंड व्हायचा. जुलै गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला कंपनीच्या एचआरचा मेल आला, फार नम्र भाषेत, की आमच्या फाइलमधली तुमच्या परवान्याची प्रत ३१.०८ ला संपते, कृपया नवीन प्रत जमा करा. यात त्यांची काही चूक नाही, कायद्याने त्यांना ती प्रत ठेवावीच लागते, परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवता येत नाही. पण तो मेल वाचल्यावर पोटात जो गोळा आला तो मला अजून आठवतो. मी मशीनसमोर उभी होते, गोळ्या पॅक करायची मशीन, आधी प्लास्टिकच्या पट्टीत खळगे पडतात, मग त्यात गोळ्या बसतात, मग वरून कॅमेरा बघतो, एखादा खळगा रिकामा दिसला की ती अख्खी पट्टी बाजूला. मी वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत पंधरा वर्षं याच मशीनी दुरुस्त करत होते, तिथूनच ओळख होऊन २०२१ मध्ये मशीन बनवणाऱ्यांकडे आले. तो आवाज मला घरच्या पंख्याच्या आवाजासारखा आहे. त्या दिवशी मात्र ती बाजूला टाकलेली पट्टी बघवेना.

एक गोष्ट मी या तीन वर्षांत शिकले की परवान्याची मुदत जवळ आली की माणूस वस्तू विकत घेणं थांबवतो. मला एक चांगली लाकडी मांडणी घ्यायची होती, पुस्तकांसाठी, नाही घेतली. बाल्कनीत मिरचीचं रोप लावलं होतं त्याला मोठी कुंडी हवी होती, म्हटलं बघू सप्टेंबरनंतर. कुणी तुम्हाला जा म्हणत नसतं. शेजारची म्हातारी तर रोज गुटन मॉर्गेन म्हणते आणि ख्रिसमसला बिस्किटं देते. पण आतून तुम्ही अर्धे उठून बसलेले असता, बस येणार असली की स्टॉपवर बसतो तसे, पिशवी मांडीवर घेऊन.

आमच्या घरात हे नवीन नाही खरं तर. काका कुवेतला होते. आमचं शिरोडा म्हणजे गोव्यातलं, फोंडा तालुक्यातलं, वेंगुर्ल्याकडचं नव्हे, आणि आमच्या वाड्यावर त्या काळी तीन घरांमागे एक माणूस गल्फला. 'इकामा', म्हणजे तिथे राहायचा परवाना, हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतेय. काकाचा इकामा झाला, काकाचा इकामा रिन्यू व्हायचाय, इकामा झाल्याशिवाय रजा नाही. लहानपणी मला वाटायचं इकामा हे कुणातरी कडक माणसाचं नाव आहे, त्याने हो म्हटल्याशिवाय काकांना घरी येता येत नाही. दर दोन वर्षांनी ते यायचे, बॅगेत टँगचे डबे, निविया, जाड टॉवेल, आणि बॅग उघडल्यावर येणारा एक थंड परका वास ज्याच्याभोवती आम्ही सगळी भावंडं डोकं घालून बसायचो. पत्रं यायची, 'तीर्थस्वरूप आईस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष', खाली हवापाणी, खाली पैसे पाठवल्याचं, आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात काकीसाठी दोन ओळी, ज्या आजी वाचून दाखवायची नाही, पत्रच तिच्याकडे द्यायची. काका २०१९ मध्ये गेले. त्यांचं कुवेतचं जुनं सिव्हिल आयडी काकीने बिस्किटाच्या डब्यात ठेवलंय, सुयादोऱ्याबरोबर. मी एकदा बघितलं होतं, बारा आकडी नंबर, आणि फोटोत काका माझ्यापेक्षा लहान.

दोन्हीकडे एक आकडा सारखाच आहे हे मला फार उशिरा लक्षात आलं. कुवेतमधून सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की इकामा रद्द. माझ्या कार्डालाही तेच, सहा महिने बाहेर राहिलं की परवाना आपोआप संपला. आजीच्या शेवटच्या आजारपणात काका का थांबले नाहीत, साडेपाच महिने झाल्यावर का गेले, यावरून घरात केवढं बोलणं झालं होतं, आईसुद्धा बोलली होती, मीसुद्धा मनातल्या मनात. त्यांनी कधी उलटून सांगितलं नाही की दिवस संपत आले होते. किंवा सांगितलंही असेल आणि आम्हाला तो बहाणा वाटला असेल.

आता आमच्यासारख्या घरात परदेशाचा विषय निघाला की पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघतोच. माझा आतेभाऊ. आत्याचा जन्म १९५५ चा, म्हणजे गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, म्हणजे लिस्बनमध्ये तिचा जन्म नोंदवता येतो आणि मग मुलाचाही. त्याने रजिस्ट्रारकडून तिच्या जन्मनोंदीची नक्कल काढली तेव्हा ती मी बघितलेली, पोर्तुगीजमध्ये, शाई तपकिरी झालेली, आणि आमचं नाईक आडनाव शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेलं. आत्याच्या आधार कार्डावर ते निराळं, शाळेच्या दाखल्यावर आणखी निराळं, सगळी माणसं एकच आहेत याची ॲफिडेविटं करता करता त्याची दोन वर्षं गेली. आता तो मानहाइमजवळ एका गोदामात काम करतो. पत्ता नोंदवला, झालं. परवाना नाही, टेर्मिन नाही, फोटो नाही. माझ्याकडे एकदा जेवायला आलेला तेव्हा टेबलावर माझी फाइल बघून गप्पच झाला. "तुला हे दर वेळी?" मी म्हटलं दर वेळी. मग तो म्हणाला, "मला शिरोड्याला यायला कार्ड लागतं." ओसीआय कार्ड, दुसऱ्या देशाचे नागरिक झालेल्या आपल्या लोकांना मिळतं ते. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, त्यामुळे तो पासपोर्ट घेतला की आपला सोडायचा. त्याला तिथे राहायला काही लागत नाही पण स्वतःच्या घरी यायला लागतं, माझं उलटं. आम्ही दोघांनी सोलकढी प्यायली, डब्यातलं कोकम मी घरून नेलेलं, आणि बराच वेळ बोललोच नाही.

माझाही हक्क होता तसा. बाबांचा जन्म १९५२ चा. मी विचारलं होतं त्यांना, २०१५-१६ च्या सुमाराला, वेर्ण्यातल्या माझ्या बरोबरीचे दोघे-तिघे त्याच वाटेने गेले तेव्हा. बाबा रागावले नाहीत, उपदेश नाही केला. पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "बोरीचा पूल उडवला तो आवाज मी ऐकलाय." ते नऊ वर्षांचे होते. पळता पळता पोर्तुगिजांनी पूल पाडला, आणि शिरोडा तिथून किती लांब, आवाज घरात आला असणारच. पुढे काही म्हणाले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. पण आतेभावाचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही, त्याच्यावर कर्ज होतं, खाणी बंद झाल्यावर त्याचा ट्रक दीड वर्ष अंगणात उभा होता, टायर गेले त्याचे उन्हात. ज्याच्या अंगणात ट्रक उभा असतो त्याला पुलाचा आवाज ऐकवून काय होणार. मला बाबांचंही पटतं आणि त्याचंही पटतं, आणि दोन्ही एकाच वेळी पटत असताना कसं राहायचं हे मला नीट जमलेलं नाही अजून.

तर तो पुढचा रविवार. मोपाच्या विमानतळाकडे निघालो तेव्हा पहाटेपासून पाऊस. बाबा गाडी चालवत होते, या वयात एवढ्या लांब नको म्हटलं तरी ऐकत नाहीत, बोरी, फोंडा, बाणस्तारी, पणजी, म्हापसा, पुढे पेडण्याच्या बाजूला चढ लागला की दोन्हीकडे लाल माती कापलेली आणि तिच्यावरून पाणी वाहत होतं. मोपावरून मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, बॅगा इथूनच थेट जाणार म्हणून कागदही इथेच बघतात. काउंटरवरची मुलगी अगदी लहान, बावीस-तेवीसची, केसात अबोलीचा छोटासा गजरा, आवाजावरून पेडण्याकडची असावी. तिने कार्ड उलटंपालटं केलं. "मॅडम, हे तर एक्स्पायर झालंय." मी कागद पुढे केला. तिने तो उघडला, वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत कागदाकडे. तिने असला कागद कधी बघितलाच नव्हता, बघायचं कारणच काय. सुपरवायझर आला. त्याने कागदाचा फोटो काढून कुणाला तरी पाठवला, फोन लावला, "हां सर, जर्मनी, कार्ड संपलंय पण एक पेपर आहे," असं म्हणत बाजूला गेला. मला म्हणाले जरा साइडला थांबा.

पंचवीस मिनिटं.

काचेपलीकडे बाबा उभे होते, छत्री मिटून तिच्यातून पाणी गळत होतं. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं पण मी रांगेतून बाजूला काढली गेलेली दिसत होते. मी हात केला, काही नाही म्हणून. त्यांनीही हात केला. माझ्या मागची माणसं पुढे जात होती, एक बाई तिच्या मुलाला सांगत होती की आंटीचं काहीतरी राहिलंय. आणि तिथे उभ्या उभ्या मला काकीचं ते वाक्य आठवलं, आणि त्यातले दोन महिने कुठले ते एकदम समोर आले.

१९९०. मी सात वर्षांची. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि त्या दिवसापासून काकांचं काही कळेना. घरात फोन नव्हता. रेडिओ दिवसभर चालू, बाबा त्याला कान लावून बसलेले, आणि आम्हा मुलांना अंगणात पिटाळलेलं. कंपनीने पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतलेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. कुणी म्हणायचं माणसं वाळवंटातून जॉर्डनला पोचतायत, कुणी म्हणायचं अम्मानहून मुंबईला विमानं सुटलीयत, कुणी आणखी काहीबाही, मोठी माणसं एकदम गप्प व्हायची आम्ही जवळ गेलो की. शेजारच्या गावचा एकजण ऑगस्टच्या शेवटाला परतला तेव्हा काकी आणि बाबा त्याच्याकडे जाऊन आले. त्याने काकांना बघितलं नव्हतं.

आणि मध्येच चवथ आली. आमच्याकडे तीन भावांची पाळी असते, दर वर्षी एकाकडे, आणि त्या वर्षी पाळी काकांची होती. थोरले काका म्हणाले की यंदा मी करतो, पुढच्या वेळी फिरवून घेऊ. आजीलाही तसंच वाटत होतं. काकी नको म्हणाली. तिने माटोळी बांधली, रानात जाऊन आमच्याबरोबर कांगलां आणली, नेवऱ्या केल्या, सगळं तिच्या चुलीवर. पूजेला बसायला पुरुष हवा म्हणून बाबा पाटावर बसले. भटजींनी पळीत पाणी घेतलं आणि संकल्पासाठी नाव विचारलं, यजमान कोण. बाबा काही बोलायच्या आत दाराआडून काकीचा आवाज आला. "त्यांचंच नाव घ्या." भटजी थांबले. मी माटोळीखाली होते, मला त्यांची दाढीची खुंटं दिसत होती आणि पळीतलं पाणी थरथरताना दिसत होतं. मग त्यांनी काकांचं नाव घेतलं, गोत्र घेतलं, जसं काही काका समोर बसलेत, आणि पूजा पुढे सुरू झाली. जेवणाच्या वेळी पान मांडलं गेलं त्यांचं. पुढचे कितीतरी दिवस मांडलं जात होतं. काकी रोज सकाळी कुंकू लावायची, आरशासमोर जरा जास्तच वेळ, आणि गावातल्या काही बायका तिच्याकडे कशा बघायच्या ते मला सात वर्षांचीलाही कळत होतं.

काका ऑक्टोबरच्या सुरुवातीला आले. पहाटे. मुंबईच्या बसने फोंड्याला उतरले आणि पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, करून आले, मोटारसायकलचा आवाज अंगणात थांबला आणि कुत्रा भुंकला नाही. हातात एक प्लास्टिकची पिशवी, त्यात एक शर्ट. पासपोर्ट तिकडे कपाटातच राहिला होता, त्याच्या जागी वकिलातीच्या लोकांनी भरून दिलेला एक कागद होता. असे लोक त्या दोन महिन्यांत अम्मानहून १,७०,००० च्या वर आले, हे मी मोठेपणी वाचलं. काकी दारात उभी होती. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, पाणी तापवते.

ते १९९२ मध्ये परत गेले. नवा व्हिसा, रक्ततपासणी, छातीचा एक्सरे, नवा इकामा, सगळं पहिल्यापासून. तेव्हा मला वाटलं होतं कसे जातात हे परत.

काउंटरवर सुपरवायझर परत आला, "ओके आहे मॅडम, आम्ही पहिल्यांदाच बघितला म्हणून." त्या मुलीने बोर्डिंग पास दिला आणि सॉरी म्हणाली, मनापासून. मी म्हटलं बरं केलंस विचारलंस. फ्रँकफर्टला खिडकीतल्या अधिकाऱ्याने कार्ड, पासपोर्ट आणि कागद घेतले, वीस सेकंद बघितलं, शिक्का मारला. बाबांना पोचले म्हणून मेसेज केला तर त्यांचं उत्तर आलं, "कागद नीट ठेवला का?"

त्यानंतरचे महिने मी तो कागद घेऊनच काढले, बॅगेच्या आतल्या कप्प्यात. सारखी घडी घालून घालून मधोमध रेघ पडली होती त्याच्यावर. ऑफिसात एक तुर्की सहकारी आहे, त्याच्या घरात दोन पिढ्या हा प्रश्न होता, २७ जून २०२४ पासून जर्मनीने दुसरं नागरिकत्व ठेवायची मुभा दिली तेव्हा तो सगळ्यांसाठी बकलावा घेऊन आला होता. मला विचारतो, आता तूही कायमचं घे, तीन वर्षं झाली तुझी, निदान अर्ज तरी टाक. कायमच्या परवान्याला तीन वर्षं पुरतात आता, पेन्शनचे छत्तीस हप्ते झाले की अर्ज करता येतो, जर्मन भाषेची बी-वन परीक्षा माझी झालेली आहे, आणि ती ३३ प्रश्नांची परीक्षा काही अवघड नाही. मी दर वेळी बघते म्हणते. खरं कारण मी त्याला सांगितलेलं नाही, कारण मला ते नीट मांडता येत नाही. तो अर्ज भरताना 'इथे कायम राहण्याचा विचार' असं काहीतरी मनात हो म्हणावं लागेल, आणि मी त्या हो पाशी जाऊन परत फिरते. कागदाने माझं राहणं मानलंय, मी स्वतः अजून मानलेलं नाही. घराने मात्र मला कधीच गेलेली मानलं नाही. माझी खोली झाडली जाते, रेशन कार्डावर नाव आहे, नारळ उतरवले की माझ्या वाट्याचे वेगळे ठेवतात आणि आई त्याचं खोबरेल करून बाटलीवर माझं नाव लिहिते.

जानेवारीच्या शेवटी पत्र आलं की कार्ड तयार आहे. बर्लिनमध्ये छापून येतात सगळ्यांची. त्याच कॉरिडॉरमध्ये गेले, त्याच बाई, कॅक्टस जरा मोठं झालेलं. त्यांनी नवं कार्ड दिलं आणि तो कागद परत मागितला. मी बॅगेतून काढला, द्यायचा होताच, पण हातातून सुटायला क्षणभर वेळ लागला आणि त्यांनी वर बघितलं. चार वर्षांचं मिळू शकलं असतं, पण माझा पासपोर्ट मे २०२७ ला संपतोय आणि कार्ड पासपोर्टच्या पुढे जात नाही. घरी जाताना मी ती मिरचीची कुंडी घेतली, मोठी, मातीची. थंडीत लावायला काही नव्हतं तरी घेतली.

संध्याकाळी घरी फोन लावला. आईशी बोलले, बाबांशी बोलले, मग काकीने मागून फोन मागून घेतला. तिला मूलबाळ नाही, आम्ही भावंडंच तिची.

"मिळालं?"

"मिळालं."

"खरं कार्ड?"

"खरं कार्ड."

"कधीपर्यंत आहे?"

"सत्तावीसच्या मे पर्यंत."

पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग कळलं ती बोटांवर मोजतेय, पंचवीस, सव्वीस, ती मोजताना ओठ हलवते आणि मला ते न बघताही दिसतात.

"दोन चवथी," ती म्हणाली. "सव्वीसला पाळी आमची आहे. माटोळी बांधायला मी तुला धरलंय."